चौथी शिट्टी

पैज लागली ती एका वाटीभर डाळीवरून.

रविवारी दुपारी बाराच्या सुमाराला बळवंतभाऊ चुरी आमच्या दारात उभे राहिले. एका हातात वाटी, दुसऱ्या हातात चमचा, अंगात नुसता बनियन. आमच्या समाधान सोसायटीत माणूस बनियनवर जिना चढून आला म्हणजे एकतर पाणी गेलंय किंवा प्रकरण गंभीर आहे. पाणी होतं.

"झुंबर, ही डाळ बघ," ते म्हणाले आणि चमचा वाटीवर तिरका केला. दाणे एकेक करून खाली पडले. डाळ पडल्याचा आवाज यायला नको, तो आला. "ही डाळ हाय? छर्रे हायत. बंदुकीत भरायचे."

"वहिनींनी शिट्ट्या कमी काढल्या असतील."

"चार मोजल्या तिने. आमच्या कुकरला चारच लागतात. त्या चारातली एक कुणाची होती, ते तू सांग."

मी वाटीत बघितलं आणि वाईट वाटल्यासारखा चेहरा केला. एक माझी होती.

आता स्वतःबद्दल थोडं सांगणं भाग आहे. मी झुंबर घोडके, मूळचा आष्टी तालुक्यातला, एकोणीस वर्षं बोईसरात, तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात बॉयलरवर. दिवसाचे आठ तास मी वाफ काय म्हणते ते ऐकतो. त्यातून मला एक विद्या आली, तोंडाने कुकरची शिट्टी काढायची. तुम्ही म्हणाल, त्यात काय, सगळेच काढतात. सगळे काढतात ती नुसती शिट्टी, तिला कोणी फसत नाही. खऱ्या शिट्टीला आधी फुसफुस असते, मग वजन जागच्या जागी खुळखुळतं, मग ती लांब सणसणीत शिट्टी, आणि शेवटी दमल्यासारखा एक सुस्कारा. चारही टप्पे पाहिजेत. सुस्कारा सगळ्यात अवघड, मला तो बसवायला दोन वर्षं लागली.

शिवाय प्रत्येक घरचा कुकर वेगळा बोलतो. बळवंतभाऊंच्या सुलूवहिनींचा किंचित खोकून सुरू होतो. तळमजल्याच्या रूपलबेनचा कायम घाईत. चौथ्या मजल्यावरच्या पांडेजींचा दोनदा प्रयत्न करतो आणि तिसऱ्यांदा वाजतो. आमच्या बी विंगमध्ये बारा घरं आणि बाराही कुकर मला येतात. दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यामधल्या जिन्याच्या खिडकीत उभं राहायचं, वेळ साधायची आणि एक सोडून द्यायची. घरातली बाई म्हणते, झाल्या चार, गॅस बंद. पुढचं जेवायला बसल्यावर कळतं.

हे मी महिन्यातून एकदाच करतो. संकष्टीला नाही, कोणाकडे पाहुणे असताना नाही, दहावीचं मूल असलेल्या घरात तर मुळीच नाही. आपल्यालाही काही नियम आहेत.

संशय सगळ्यांना होता, पुरावा कोणाकडे नव्हता. पण त्या रविवारी बळवंतभाऊ नुसती वाटी घेऊन आले नव्हते. त्यांनी लेंग्याच्या खिशातून मोबाइल काढला. त्यांचा जावई दर्पण विरारला असतो, त्याने त्यात एक ॲप टाकून दिलं होतं. नाव 'थ्री व्हिसल'. ओट्यावर फोन ठेवायचा, तो शिट्ट्या ऐकून मोजतो आणि आपण सांगितलेला आकडा भरला की घंटा वाजवतो.

"आजपासून तुजं दुकान बंद," बळवंतभाऊ म्हणाले. "माणसाचा कान फसतो. मशीन नाय फसत."

"ठेवा त्या चपलांच्या कपाटावर."

त्यांनी ठेवला. मी सुलूवहिनींचा कुकर काढला, खोकल्यासकट. फोनवर हिरवागार एक उमटला आणि आतून एक बाई इंग्रजीत "वन" म्हणाली.

माझी बायको नलू स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, कुणाचा कुकर झाला?"

बळवंतभाऊंनी फोन उचलून तो एक डोळ्यांजवळ धरून बघितला. वीज केंद्रात पस्तीस वर्षं नोकरी केलेला माणूस, मशीनने असा दगा दिलेला त्यांना सोसत नव्हता. त्यांनी मनातल्या मनात जावयाला काय म्हटलं ते त्यांच्या मानेवरच्या शिरेवरून कळत होतं.

तेवढ्यात रूपलबेन भाजीची पिशवी घेऊन जिन्यात आल्या. त्या खाली कॉम्प्युटर क्लास चालवतात, बोईसरातलं निम्मं टायपिंग त्यांच्या हाताखालून गेलंय. त्यांनी फोन हातात घेतला. "हे तर ओपन सोर्स आहे ने. म्हणजे ह्याचा सगळा मालमसाला उघडा असते. कोणीपण बघू शकते, कोणीपण दुरुस्त करू शकते. दुरुस्ती पसंत पडली तर ते ठेवून घेतात अने यादीत नाव लावतात."

"पैसे किती देतात?" बळवंतभाऊ.

"एक रुपयो नाही."

"मग करतं कोण?"

"आखी दुनिया करते."

बळवंतभाऊंनी माझ्याकडे वळून बघितलं. त्यांच्या डोक्यात काहीतरी शिजत होतं, आणि ते डाळीपेक्षा बरं शिजत होतं. "बिघडवायला अक्कल लागत नाय, झुंबर. सुधारून दाखव. दसऱ्यापर्यंत तुजं नाव त्या यादीत लागलं, तर मी दसऱ्याच्या दिवशी खाली अंगणात खुर्ची टाकून बसेन आणि बी विंगच्या बाराच्या बारा घरांच्या शिट्ट्या मोठ्याने मोजून सांगेन. आणि नाय लागलं, तर तू गेटवर उभा राहून कबूल करायचं, कुणाची डाळ कवा नासवली ते. आणि पुन्यांदा शिट्टी काढायची नाय. मरेपर्यंत."

पहिल्या अटीचं मला काही नव्हतं. कबुली द्यायला मी कधीही तयार होतो, उलट मजाच आली असती. पण मरेपर्यंत शिट्टी नाही, हे जड होतं. माणसाकडे एकच कला असते आणि तीही पैजेवर लावायची. पण समोर बळवंतभाऊ बनियनवर उभे, रूपलबेन साक्षीला, आणि आतून नलू म्हणाली, "घ्या. नाहीतरी जमणार नाहीच." मी हात पुढे केला.

सेक्रेटरी केदारराव खालून आवाज ऐकून वर आले. कुठलीही गोष्ट लिहून ठेवल्याशिवाय झाली असं त्यांना वाटत नाही. त्यांनी सभेच्या इतिवृत्ताच्या रजिस्टरमध्ये पैज उतरवली, "आयत्या वेळचे विषय" या मथळ्याखाली, आणि आमच्या दोघांच्या सह्या घेतल्या.

दुसऱ्या दिवशी मी रूपलबेनच्या क्लासमध्ये जाऊन बसलो. त्या ॲपच्या साइटवर माणसाआधी एक रोबो भेटतो. त्याची तऱ्हा तहसील कचेरीच्या दारातल्या शिपायासारखी, काम सांगायच्या आधी फॉर्म मागतो. तुमचा फोन कोणता, ॲपची आवृत्ती कितवी, काय व्हायला पाहिजे होतं आणि काय झालं. मी मराठीत सांगायचो, रूपलबेन इंग्रजीत टाइप करायच्या आणि मधल्या मधे माझा विनोद सांडायचा. काय व्हायला पाहिजे होतं? तर मशीनने माझी शिट्टी ओळखून गप्प बसायला पाहिजे होतं. काय झालं? मशीन फसलं. अर्ज गेला.

दोन दिवसांनी खऱ्या माणसाचं उत्तर आलं. यान्ने नावाचा गृहस्थ, फिनलंडचा. त्याचा भारतीय शेजारी गाव सोडून जाताना त्याला आपला कुकर देऊन गेला होता आणि यान्ने त्या कुकरला घाबरायचा. कुकर तापायला लागला की तो बाहेरच्या खोलीत जाऊन बसायचा, त्यामुळे किती शिट्ट्या झाल्या ते त्याला कळायचं नाही. म्हणून त्याने हे ॲप लिहिलं. मला हा माणूस वाचताक्षणी आवडला.

त्याचं म्हणणं असं, की हे ॲप ऐकून ऐकून शिकतं आणि आतापर्यंत त्याने फक्त दोन कुकर ऐकलेत. किमान दहा वेगवेगळ्या कुकरच्या पन्नास शिट्ट्या रेकॉर्ड करून पाठवा, आणि प्रत्येक कुकरच्या मालकाची लेखी परवानगी जोडा.

दहा कुकर. माझ्या एका जिन्यात बारा होते.

पण बी विंगमध्ये शिट्टी काढणं सोपं आणि मागणं कठीण. पहिल्यांदा केदाररावांनी अडवलं. त्यांच्या मते घरातून बाहेर जिन्यात आलेला आवाज हा सोसायटीच्या सामाईक जागेत मोडतो, त्यामुळे कमिटीचा ठराव लागेल. ठराव झाला. त्यात एक दुरुस्ती त्यांनीच सुचवली आणि त्यांनीच मंजूर केली, की यादीत अनुक्रमांक एकला सेक्रेटरींचा कुकर असावा.

मग बायकांमध्ये बातमी गेली. आपल्या कुकरची शिट्टी जगभर जाणार म्हटल्यावर दोन दिवसांत बोईसर बाजारातल्या भांडीवाल्याकडची रबरं संपली. नलूने आमचा कुकर चिंचेने घासून आरशासारखा केला. मी म्हटलं, अगं, आवाज जाणार आहे, फोटो नाही. ती म्हणाली, "परदेशात जातोय, घाणेरडा कसा पाठवायचा?"

सल्ल्यांना तर तोटा नव्हता. कोणी म्हणे तांदळाची शिट्टी डाळीपेक्षा गोड असते. कोणी म्हणे सकाळची घ्या, सकाळी वाफ ताजी असते. मी, ज्याने एकोणीस वर्षं वाफेवर काढली, तो उभा राहून वाफ कशी असते ते ऐकत होतो. पांडेजी हात जोडून म्हणाले, "घोडकेजी, हमारा वाला थोड़ा हकलाता है, लेकिन दिल का साफ़ है। रख लीजिए।" ठेवला.

सगळ्यात नाजूक घर बळवंतभाऊंचं. मी गेलो तेव्हा ते सोफ्यावर बसून होते.

"पैज माज्यासंगं आणि कुकर पण माजाच?" ते म्हणाले. "परवानगी नाय."

"कुकर तुमचा कवापासून?" सुलूवहिनी आतून हात पुसत आल्या. "माज्या बापाने दिलाय. सफाळ्याहून टेम्पोत आलाय माज्यासंगं. सही मी करनार."

"सुलू, तू कुणाच्या बाजूची?"

"कुकरच्या."

त्यांनी सही केली, तारीख घातली आणि खाली माहेरचं नावही लिहिलं. बळवंतभाऊंनी टीव्हीचा आवाज वाढवला, मी तो कमी करायला लावला, कारण रेकॉर्डिंग सुरू होतं.

बारा कुकर, त्रेपन्न शिट्ट्या. रूपलबेननी सगळं बांधून पाठवलं. रोबोने परत पाठवलं, कारण नावं त्यांच्या पद्धतीने दिली नव्हती. पुन्हा पाठवलं. पुन्हा परत, कारण एका परवानगीवर सहीऐवजी अंगठा होता. मग मला लागोपाठ रात्रपाळ्या लागल्या, आणि पंधराव्या दिवशी बघतो तर रोबोने अर्जच बंद केलेला. खाली शेरा, चौदा दिवस काही हालचाल नाही. मला राग आला. आमच्या सरकारी कचेऱ्यांमध्ये कागद वर्षानुवर्षं हालचाल न करता जिवंत राहतो, तिथे दोन आठवड्यांत मारून टाकणं म्हणजे माणुसकी नाही. रूपलबेननी अर्ज पुन्हा उघडला आणि मी तेव्हापासून दर तीन दिवसांनी एक ओळ टाकायला लागलो, "हालचाल आहे." यान्नेने एकदा खाली लिहिलं, कळलं, धन्यवाद.

गणपती गेले आणि आमच्या शिट्ट्या स्वीकारल्या गेल्या. ॲपची नवी आवृत्ती आधी थोड्या लोकांना वापरून बघायला दिली, आणि तिच्या यादीत माझं नाव लागलं. मी क्लासमधून वर येताना प्रत्येक मजल्यावर थांबलो. बळवंतभाऊंच्या दारावर जरा जास्त थांबलो.

"तात्पुरतं हाय ना?" ते म्हणाले. "पक्कं झालं की सांग."

त्यांची जीभ काळी असावी. पाचव्या दिवशी तक्रारी सुरू झाल्या. कॅनडात एका माणसाच्या बायकोने त्याला तीनदा जेवायला बोलावलं आणि ॲपने तीन शिट्ट्या मोजल्या. डर्बनमध्ये एक मावशी फोनवर बहिणीशी बोलत होत्या, गॅस पेटवलेलासुद्धा नव्हता, आणि ॲप अकरावर पोचलं. यान्नेने आमचा बदल मागे घेतला, माझं नाव यादीतून गेलं, आणि त्याने मला अतिशय सभ्य भाषेत एक प्रश्न विचारला. तुमच्या प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये शिट्टीनंतर लगेच एका स्त्रीचा आवाज येतो. तो कुकरचाच भाग आहे का?

आम्ही क्लासमध्ये बसून त्रेपन्नच्या त्रेपन्न ऐकल्या. शिट्टी, आणि तिच्या शेपटाला धरून, "एक झाली." शिट्टी, "दोन झाल्या." शिट्टी, "ए, किती झाल्या गं?" शिट्टी, "तीन हो वैनी." केदाररावांच्या घरात तर ते स्वतःच मोजत होते. आपल्याकडे कुकर एकटा कधी वाजतच नाही. तो वाजतो आणि घर त्याला उत्तर देतं. हे आमच्या कानांना ऐकूच येत नव्हतं, इतकं रोजचं होतं. पण मशीन बिचारं नवीन, त्याने इमानदारीने दोन्ही मिळून शिट्टी असते असं शिकून घेतलं.

"काय उत्तर लिहू?" रूपलबेननी विचारलं.

"लिहा, आमच्याकडे आहे."

बळवंतभाऊंनी त्या संध्याकाळी पाम गावच्या आपल्या वाडीतून आलेली केळी घरोघर वाटली. कशाबद्दल ते सांगितलं नाही. आमच्या घरी दोन डझन जास्त दिली.

दसऱ्याला अठरा दिवस होते. मी पुन्हा घरोघर गेलो आणि हात जोडून सांगितलं, की एकदा, फक्त एकदा, शिट्टी होताना कोणी बोलू नका. सगळ्यांनी कबूल केलं. नलूने तोंडात पदर धरला. शिट्टी झाली, नलूचे डोळे मोठे झाले, मान हलली, एक बोट वर गेलं, आणि मी फोन बंद करायच्या आत पदराच्या आतून "एक" आलाच. सुलूवहिनी पूर्ण शिट्टी गप्प राहिल्या आणि सुस्काऱ्यावर म्हणाल्या, "आता बोलू?" केदारराव बाहेर जाऊन उभे राहिले आणि त्यांनी दारातून मोजलं.

मी हरल्यासारखा क्लासमध्ये जाऊन बसलो. रूपलबेन म्हणाल्या, "अरे, गप्प कशाला बसवतो? शेपूट कापून टाकू. शिट्टी एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला. शिट्टीला सांगू ही शिट्टी, बायकांना सांगू ही शिट्टी नाही. मशीनला दोन्ही शिकवायला जोईये ने." आणि त्यांनी तसं केलं. चार दिवस बसून त्रेपन्न शिट्ट्या कातरल्या. यान्नेला कल्पना पसंत पडली. पण उत्तराच्या शेवटी त्याने एक परिच्छेद टाकला होता, तो रूपलबेननी मला दोनदा वाचून दाखवला.

माणसाचे आवाज मिळाले, छान झालं. पण तुमची मूळ तक्रार नकली शिट्टीची होती आणि नकली शिट्ट्या आमच्याकडे एकही नाही. त्या मिळाल्या तरच काम पूर्ण होईल. हुबेहूब कुकरसारखी शिट्टी काढणारं कोणी तुमच्या ओळखीत आहे का?

रूपलबेन माझ्याकडे बघत होत्या. मी पंख्याकडे.

विचार करा. मशीनला माझ्या शिट्ट्या ऐकवायच्या म्हणजे काय? फुसफुस कशी, खुळखुळ कशी, सुस्कारा कुठे सोडतो, सगळं त्याच्या हवाली करायचं. मग ते मला एकदा ओळखलं की कायमचं ओळखणार. आणि बाराही घरांत ॲप बसलेलं होतं, कारण आपापला कुकर त्यात आहे हे कळल्यावर कोण मागे राहणार. हरलो तर बळवंतभाऊ माझी शिट्टी बंद करणार, आणि जिंकायचं तर मीच माझ्या हाताने ती बंद करायची. बॉयलरवर अशी वेळ आली तर सेफ्टी व्हॉल्व उघडतो. मला कुठून उघडायचं ते कळेना.

घरी येऊन नलूला सांगितलं. ती कणीक मळत होती. म्हणाली, "एकोणीस वर्षं चोरून करताय. पहिल्यांदा कुणीतरी मागून घेतंय, तेही एवढ्या लांबून, आणि तुम्ही तोंड पाडून बसलात."

तिचं ते खरं होतं. आजवर माझ्या शिट्टीची दाद कोणी दिली नव्हती, कारण दाद द्यायला आधी ती माझी आहे हे कळायला लागतं.

रविवारी मी न्हाणीघराची खिडकी लावून घेतली आणि बसलो. चौसष्ट शिट्ट्या दिल्या. बाराही घरांचे कुकर, वेगवेगळ्या वयांत. रबर सैल झालेला, पाणी कमी पडलेला, भात उतू जाणारा, वजन तिरकं बसलेला, पांडेजींचा दोन अपयशी प्रयत्नांसह. सुलूवहिनींचा रागावलेला आणि राग गेलेला. शेवटी माझ्या आईच्या जुन्या कुकरचा, जो आष्टीला मोडीत गेला आणि आता माझ्या तोंडाशिवाय कुठेच शिल्लक नाही. एकाही रेकॉर्डिंगमध्ये नलू बाहेरून मोजायला आली नाही. तेवढं तिने केलं.

यान्नेचं उत्तर तीन ओळींचं होतं. मी आयुष्यात ऐकलेल्या या सर्वोत्तम नकली शिट्ट्या आहेत. चाळीस क्रमांकाची ऐकून मी उठून बाहेरच्या खोलीत गेलो. आभार.

दसऱ्याच्या चार दिवस आधी पक्की आवृत्ती निघाली. यादीत नाव होतं, झुंबर घोडके, बोईसर, आणि कामाच्या रकान्यात, नकली शिट्ट्या. त्याच्या खाली, समाधान सोसायटीच्या गृहिणी, नकली नसलेल्या शिट्ट्या आणि मोजणी. केदारराव या दुसऱ्या नोंदीवर नाराज झाले, कारण ते गृहिणी नाहीत.

बळवंतभाऊंनी शेवटचा प्रयत्न केला. "नकलीसाठी नाव लागलंय. ते धरायचं नाय."

केदाररावांनी रजिस्टर उघडलं. "पैजेत फक्त 'नाव लागलं तर' असं आहे. कशासाठी ते लिहिलेलं नाही. तुमची सही आहे खाली."

मी मात्र जिंकल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीत उभं राहून पांडेजींसाठी एक सोडून बघितली, सहज. कोणाचा गॅस बंद झाला नाही. कोणी मोजलंसुद्धा नाही, सगळ्यांनी मोजायचं फोनवर सोडलं होतं. इमारत कधी नव्हे इतकी शांत होती. मी खाली येऊन चहा घेतला, तो मला गोड लागला नाही.

दसऱ्याला अकरा वाजता बळवंतभाऊ झब्बा घालून अंगणात आले. प्लास्टिकची खुर्ची झेंडूच्या तोरणाखाली टाकली. केदाररावांनी पुठ्ठ्यावर बारा घरं आणि त्यांच्यापुढे कुणाला किती लागतात ते लिहून त्यांच्या शेजारी धरलं. सगळ्या विंगा गॅलऱ्यांत उभ्या होत्या. एकेका घरातून कुकर चढले.

"तीनशे एक, एक झाली," बळवंतभाऊंनी पहिली हाक दिली, जरा दबकत. मग दुसरी, मग एकदम तीन घरांतून. "पांडेजी, दोन झाल्या. रूपलबेन, तुमची तिसरी, बंद करा. नलू, पुरणाच्या डाळीला अजून दोन लागतील, तिथेच थांब." आणि बघता बघता हा माणूस खुलला. बायका खिडकीतून विचारायला लागल्या, "भाऊ, माझ्या किती झाल्या?" आणि भाऊ सांगायला लागले, मान वर करून, कानामागे हात धरून. पैज हरलेला माणूस इतक्या रुबाबात बसलेला मी पाहिला नाही. मुख्य म्हणजे इमारत पुन्हा बोलत होती.

मी हळूच उठलो आणि जिन्याच्या खिडकीत गेलो.

सुलूवहिनींचा कुकर तीनदा खोकून वाजला होता. मी फुसफुस केली, खुळखुळ केली, किंचित खोकलो, लांब सोडली आणि सुस्कारा अगदी हलका ठेवला.

"सुलू, चार झाल्या," खालून हाक आली. "बंद कर."

"फोन तीन सांगतोय," सुलूवहिनी खिडकीतून म्हणाल्या.

"फोनला काय कळतंय? मी हितं बसलोय ना. बंद कर."

गॅस बंद झाला. मी खिडकीच्या कडेला टेकून उभा राहिलो. अर्ध्या तासाने, शेवटच्या घराची शेवटची शिट्टी मोजून होत असताना, सुलूवहिनी अंगणात उतरल्या. एका हातात वाटी, दुसऱ्या हातात चमचा, फोन कमरेला खोचलेला. त्यांनी चमचा वाटीवर तिरका केला. दाण्यांचा आवाज दुसऱ्या मजल्यापर्यंत आला.

गॅलऱ्या हसायला लागल्या. बळवंतभाऊंनी वाटीत बघितलं, मग फोनवरचा तीनाचा आकडा बघितला, आणि मग सावकाश मान वर करून जिन्याच्या खिडकीकडे बघितलं. मला वाटलं आता शिवी येणार. पण ते खुर्चीत सरळ बसले, कानामागे हात धरला आणि अकरा वाजल्यापासून लावलेल्या त्याच खणखणीत आवाजात म्हणाले,

"जिन्याची खिडकी, एक झाली."

केदाररावांनी पुठ्ठ्यावर तेरावं घर लिहून घेतलं.